तापाचं वाक्य माझं होतं

गोकुळ हार्ट अटॅकने गेला, असं सर्टिफिकेटवर आहे.

मला विचाराल तर माझ्या एका वाक्याने गेला.

आज वर्ष झालं.

जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक चटईच्या कंपनीत मी टाइम ऑफिसला आहे. हजेरी, रजा, ओव्हरटाइम सगळं माझ्याकडे. गोकुळ मशीनवर होता. मूळ धुळ्याकडचा, पिंप्राळ्यात भाड्याने राहायचा. बोलणं शेवटपर्यंत अहिराणी.
अकरा वर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला. त्याच्याकडे शेवभाजी असली की माझा डबा तसाच घरी जायचा.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते. नारळ फुटला की शेठ माइक घेतात आणि स्वतःची गोष्ट सांगतात. सायकलवर गावोगाव चटया विकणारा माणूस मालक कसा झाला. दर वर्षी तीच.

मागे कंपनीची स्मरणिका निघाली. माझं मराठी बरं, म्हणून ती गोष्ट लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शेठने मोकळेपणाने सगळं सांगितलं. सायकल खरी होती. चारेक महिने. मग लग्न झालं, आणि सासऱ्यांनी प्लॉट दिला, वर दोन चालू मशीन.
मी तेही लिहिलं. शेठने त्यावर आडवी रेघ मारली.

"हे कशाला? लोकांना मेहनतीचं सांगायचं. थोडं टच होईल असं टाक ना काहीतरी."

मी टाकलं. 'अंगात ताप फणफणला होता, तरी शेठजींची सायकल एक दिवस थांबली नाही.'

ताप माझ्या डोक्यातला. पण शेठला इतका आवडला की पुढच्या वर्षीपासून ते भाषणात स्वतःच सांगायला लागले. आता तर त्यांनाही खरा वाटत असेल.

गोकुळने ते पान लॅमिनेट करून घरात लावलं. मी त्याची खेचली, "काय रे येड्या, शेठची पूजा करतोस का?"

"पूजा नही भाऊ. वाचस. रोज."

त्याला स्वतःचं एक मशीन टाकायचं होतं. शेठला जमलं तर आपल्यालाही जमेल, इतकं साधं डोकं. त्या नादात त्याने रजा घेणंच सोडलं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर पोचला.

त्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीशी आला तेव्हा शर्ट घामाने चिंब होता. डावा हात चोळत होता.

"काय रे, बरं नाही का?"

"छाती भरी उनी शे जराशी."

"हाफ डे टाकतो. आधी डॉक्टरकडे जा."

हसला. "शेठ तापमा सायकल चालाडे भाऊ. तूच लिखेल शे ना?"

मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. अरे बाबा, ताप मी घातलाय. प्लॉट सासऱ्याचा आहे. तू घरी जा.
मागे मॅनेजर उभे होते. मी त्याची हजेरी लावली.

अकराच्या चहाला तो मशीनपाशी पडलेला सापडला. दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं.

अशा गोष्टींनी माणसाला उभारी येते म्हणतात. येत असेल बुवा. शेठबरोबर त्या काळी सायकलवर चटया विकणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. तो अजूनही विकतोय. ताप त्यालाही आला असेलच की कधीतरी.

दशक्रियेनंतर गोकुळच्या बायकोने मला बाजूला बोलावलं.
"भाऊ, ते तापनं खरं व्हतं ना? यास्नी उगाच अंगवर काढं का?"

मी म्हणालो, "खरं होतं वहिनी."

यंदा खंडेनवमीला शेठने भाषणात गोकुळचं नाव घेतलं. शेवटच्या दिवसापर्यंत एक रजा घेतली नाही, असा माणूस, म्हणाले. नवीन लागलेले कामगार मन लावून ऐकत होते. टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या.

कंपनीतल्या कुणालाही ही पोस्ट दिसणार नाही, असं सेटिंग केलंय. वहिनी फेसबुकवर नाहीत, तेही मला माहीत आहे. म्हणून तर लिहितोय.

गोकुळ, माफी मागायला तोंड नाही मला.
नमस्कार घे रे भाऊ.