गोकाकच्या धबधब्यावरचा उपास

माझ्या जिभेला हाड नाही, असं माहेरी म्हणायचे. सासरी तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण मनात सगळ्यांच्या असणार. नाहीतर निपाणीच्या त्या घरात, जिथल्या बायका फार तर बस्तीच्या देवळात देवदर्शनाला आणि मळ्यात जायच्या, तिथं भर पंक्तीत वाढता वाढता मी सासऱ्यांना विचारलं नसतं, "मामंजी, आत्तींना गोकाकचा धबधबा दाखवून आणू का?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. घरातले पुरुष दरसाल धबधब्याला जायचे आणि परत येऊन आठ-आठ दिवस त्याच गप्पा. आत्ती आतल्या दाराशी उभ्या राहून ऐकायच्या. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "लई मोठा आवाज येतो म्हणं गं. मला तर आपल्या मळ्यात पाटाचं पाणी वाजलं तरी बरं वाटतंय." त्या दिवसापासून मी डोक्यात घेतलं होतं.

मामंजी तंबाखूचे व्यापारी आणि धर्माला कडक. आम्ही जैन, दिवस मावळला की घरात पाण्याचा घोटसुद्धा कुणी घेत नाही. त्यांनी हात धुतले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "जावा. पण तुझ्या सासूचं जेवण दिवस मावळायच्या आत झालं पायजे. तिला उपाशी ठेवलीस, तर ह्या घरातली बाई परत कुठं फिरायला जाणार न्हाई. कायमचं." मी मान डोलावली. दुपारी बाराला पोचणार, मग जेवणाची कसली काळजी?

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळायचं नाही, म्हणून सर्व्हिस मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बांधलेली असायची आणि तिच्या धुरावर मोटार चालायची. दसऱ्याच्या आधी आम्ही निघालो. मी, आत्ती आणि दशम्यांची बुट्टी मांडीवर घेतलेले आमचे हे. जरा चढ आला की ड्रायव्हर खाली उतरून भट्टी सळईनं ढोसायचा आणि आम्हालाही उतरायला लावायचा. संकेश्वरच्या पुढं तर मोटार जी बसली, ती उठेचना. मी ड्रायव्हरला म्हटलं, "बाबा, आमचा म्हातारा बैल जुंपला असता तर एव्हाना पोचलो असतो." तो म्हणाला, "मग त्यालाच आणायचा होता की, वैनी." ह्यांना हसू आवरेना. मला मात्र राग आला, कारण बारा तिथंच वाजले होते.

आत्तींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मोटारीत बसून खायचं नाही आणि न गाळलेलं पाणी प्यायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. मी चारदा विचारलं. "अगं पोचल्यावर जेवू की," एवढंच त्या म्हणायच्या. त्यांना सोडून कसं खाणार, म्हणून मीही उपाशी.

धबधब्याशी पोचलो तेव्हा कासराभर दिवस राहिला होता. आमचे हे कळशी आणि गाळायचं फडकं घेऊन विहीर शोधायला धावले. मी झाडाखाली बुट्टी उघडली. दशम्या, शेंगाची चटणी, दहीभात, सगळं मांडलं आणि वळून बघते तर आत्ती नाहीत.

धबधब्याच्या वरच्या अंगाला झुलता पूल आहे. त्याच्या मधोमध आत्ती उभ्या होत्या. घरात ओल्या फरशीवरून जाताना भिंत धरणारी बाई. मी घसा फोडून हाका मारल्या, पण त्या पाण्यापुढं माझी हाक माझ्याच कानाला ऐकू येत नव्हती.

मग चार दशम्या फडक्यात बांधल्या आणि पुलावर पाय ठेवला. पूल हलायला लागला आणि माझी सगळी ऐट तिथंच उतरली. डोळे अर्धे मिटून, णमोकार मंत्र म्हणत, तारेला धरून कशीबशी त्यांच्यापाशी पोचले. त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले, "चला आत्ती. दिवस मावळाय लागलाय."

"दिसतंय मला."

"मग हितंच खावा. दशम्या आणल्यात."

"जेवायचं तर बसाय पायजे. बसले तर पाणी दिसायचं न्हाई."

खाली पाणी काहिलीतल्या गुळासारखं तांबडं होऊन उसळत होतं. आत्तींचा पदर भिजला होता, तोंड भिजलं होतं, आणि त्या हसत होत्या. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमचं बरं आहे. मामंजी मला काय म्हणतील? परत कुणाला उंबऱ्याबाहेर सोडतील का?"

त्यांनी तारेवरचा माझा हात घट्ट धरला. "तीस वर्सं रोज दिवसाकडं बघून जेवले गं. आज मला हिकडं बघू दे."

बघता बघता दिवस बुडाला. मला रडू आलं. रागानं आणि भुकेनं. खोटं कशाला सांगू, भुकेचं जरा जास्तच होतं. पुलाच्या टोकाला आमचे हे गाळलेल्या पाण्याची कळशी घेऊन उभे होते, आणि आता त्या पाण्याचाही उपयोग नव्हता. जवळच कोन्नूरला नातलगांकडं मुक्काम केला. तिघंही उपाशीच झोपलो. सकाळी उजाडल्यावर त्याच दशम्या खाल्ल्या.

घरी पोचलो तर मामंजी कट्ट्यावरच बसलेले. पहिला प्रश्न, "जेवण झालं का येळेवर?"

मोटारीचं गाऱ्हाणं मी वाटेत घोकून ठेवलं होतं, ते सांगायला तोंड उघडलं. आत्ती पायरीवर उभ्या राहून पाय धूत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "न्हाई. उपास घडला."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. "मग झालं तर. मी काय सांगितलं होतं—"

"तिचा काय दोष न्हाई," आत्ती म्हणाल्या. "आणि मी नेम धरलाय. जिवंत हाय तवर वर्सातनं एक उपास, त्या पाण्यापाशी जाऊन."

 अख्ख्या गल्लीला मामंजीच सांगायचे, धरलेला नेम मोडण्याइतकं पाप नाही. आता एवढंच म्हणाले, "कुणाला इचारून धरलास?"

"नेम इचारून धरत्यात व्हय?"

त्यांनी पटका डोक्यावर ठेवला आणि पेढीवर निघून गेले.

मी आत्तींच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. पुलावर मी त्यांना चिकटून उभी होते, कोन्नूरला त्यांच्या शेजारी झोपले होते. नेमाचं एक अक्षरही त्यांनी काढलं नव्हतं. म्हटलं, "आत्ती, नेम धरलासा कवा?"

त्यांनी परातीत पीठ ओतलं.

"आत्ताच की. पायरीवर. तुझं तोंड बघून."