कुवेतमध्ये देवळालीचा ताप

नव्वदचं दशक सरत होतं. कुवेतहून धाकट्या भावाचा, अनंताचा, फोन आला. "दादा, फोरमनच्या जागेसाठी मुलाखत आहे. जागा मिळाली तर सुनंदाला फॅमिली व्हिसावर आणता येईल. तू ये, माझं इंग्रजी बघ." मी देवळालीला इंग्रजी शिकवतो. रजा टाकली.

जाणार असाल तर जानेवारीत जा. स्वेटर न्या. व्हिसाचं काम कंपनीचा मंदूब करतो, म्हणजे कागद घेऊन कचेऱ्या फिरणारा माणूस. त्याला घाई करू नये. विमानतळावरून दक्षिणेकडे रुंद, सरळ रस्ता जातो. बराच वेळ वाळू, मग मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या ज्वाळा.

अनंता तिथे पाइप फिटर. खोलीत चौघे, सगळे रत्नागिरीकडचे. जेवायला सुरमईचं कालवण आणि बेकरीतली गरम खुबूस, म्हणजे अरबी रोटी. भाकरीची आठवण येते, पण फार नाही.

अनंताचं इंग्रजी धडाकेबाज होतं. ते सगळं रॉन नावाच्या ब्रिटिश सुपरवायझरकडून उचललेलं. वरिष्ठ म्हणजे गॅफर, चहा म्हणजे ब्रू, थकून मेलेला म्हणजे नॅकर्ड.

"मुलाखतीत साहेबाला काय म्हणशील?"

"मेट. रॉन मॅनेजरलासुद्धा तेच म्हणतो. मानाचं असणार."

"दोस्ताला म्हणतात रे ते."

"मेल्या, म्हणजे इतकी वर्षं सगळ्या साहेबांच्या खांद्यावर हात टाकून फिरतोयस!" शेजारच्या खाटेवरून बाबल्या म्हणाला. अनंता हसला नाही.

शुक्रवारी सुट्टी. चौघांत टॅक्सी करून वफ्राला गेलो. तसंच करावं, एकट्याला परवडत नाही. हरितगृहं, खजुराची झाडं, पेटीने मिळणारे टोमॅटो. मी वाटेत शब्दांची घराणी सांगत होतो. गॅफर हा बहुधा गॉडफादरचा झिजलेला अवशेष. नॅकर म्हणजे कामातून गेलेले घोडे विकत घेऊन मारणारा. आरामाच्या नोकरीला ते कुशी म्हणतात. ती आपली खुशी.

"आणि डूलॅली?" अनंताने विचारलं. "कोणी भ्रमिष्टासारखा वागला की रॉन म्हणतो."

"ती आपली देवळाली. तिथल्या छावणीत गोरे सोजीर मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे. वाट बघून डोकी फिरायची. डूलॅली टॅप म्हणायचे. देवळालीचा ताप."

मग बाबल्या म्हणाला, "म्हणजे आम्हांला आहे तोच."

मुलाखत कुवेत सिटीतल्या ऑफिसात होती. मी समुद्राकाठी चालत राहिलो. तिथला रस्ता चालायला सुखाचा आहे. अनंता आला तो टाय हातात घेऊन.

"पाठ केलेलं सगळं विसरलो. कुवेती मॅनेजरने विचारलं, दिवस संपत आलाय, माणसं थकलीत, वरचं वेल्डिंग बाकी आहे, काय करशील? मी म्हटलं, नॅकर्ड माणूस वर चढवणार नाही. आधी ब्रू, मग खालचं काम. त्याने नॅकर्डचा अर्थ विचारला. मी घोड्याचं सांगितलं. म्हटलं, माझी माणसं त्या घोड्याच्या वाटेने जाणार नाहीत."

"मग?"

"सोबतचा ब्रिटिश इंजिनिअर हसला. मॅनेजर हसला नाही. त्याने लिहून घेतलं."

"मेट म्हणालास का?"

"निघताना. दोघांनाही."

मी परतलो. जागा मिळाल्याचं पुढच्या महिन्यात कळलं. व्हिसाला उन्हाळा उजाडला. सुनंदाला मुंबईच्या विमानतळावर मीच सोडलं. लोणच्याची बरणी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

कुवेतचं काय राहिलं, असं लोक विचारतात. ज्वाळा राहिल्या, खुबूस राहिली. देवळाली कॅम्पातल्या जुन्या बराकींवरून फिरायला जाताना आता पावलं जरा हळू होतात.

सुनंदाला सोडून आलो त्या रात्री अनंताचा फोन आला.

"पोचली?"

"पोचली. बाबल्याने सगळ्यांसाठी ब्रू केला."

"आणि ताप?"

"उतरतोय, दादा."