ओल्या भुशाची सिगडी

बायकोच्या तेरवीला आलेल्या पाहुण्यांनी बुंदी खाता-खाता एकच गोष्ट लावून धरली. म्हणे, बाई मोठी काटकसरी होती, एवढ्याशा पगारात संसार केला, कधी काही मागितलं नाही. मागितलं नाही? एकच वस्तू मागितली होती तिनं, वातीचा स्टोव्ह, अन् ती मी दिली नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे खोटं माझ्या घरातून पसरू नये म्हणून लिहायला बसलो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी कापडाच्या मिलमध्ये कामाला होतो. महागाई वाढली तशी मी घरात कात्री चालवली. दूध अर्ध्यावर आणलं. भाजी बाजार उठताना घ्यायची, म्हणजे उरलीसुरली, पिवळी पडलेली. भिवापूरची मिरची बंद करून कुठली तरी लाल पूड आणली, तिला विटेची चव यायची. माझा पान-तंबाखू तेवढा चालू राहिला. तोही खर्चच असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग मी चुलीवर आलो. कोळसा महाग, रॉकेल रेशनवर, तेही दिव्यापुरतं. कुणीतरी भुशाची सिगडी सांगितली. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचं, मधे बाटली उभी ठेवायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा अन् बाटली अलगद काढायची. मधे पोकळ नळी राहते, खालून चिंधी पेटवली की दोन वेळचा स्वयंपाक होतो. भुसा कोरडा असला तर. लाकडं कापायच्या आरामशीनवर कोरडा भुसा विकत होता. बाहेर पावसात भिजलेला ढीग मालक असाच नेऊ द्यायचा. मी सायकलवर पोतं बांधून तो आणला. काय कमावलं असं वाटत होतं!

"अवो, हा ओला हाये," ती म्हणाली. "नुसता धूर करते."

"सुकेल ना वं. फुकटात भेटला."

"फुकट तुमाले. मी डोळे फोडून राहिली. एक वातीचा स्टोव्ह आणा, दुसरं काई मागत नाई."

"अन् रॉकेल काय तुहा बाप पाठवीन?"

बाप तिचा दोन वर्षांपूर्वी वारला होता. हे मी बोललो, अन् वर जेवलोही.

तो धूर साधा नव्हता. पिवळा, आंबट, घशाला चिकटणारा. दुधावर काजळीचे धागे तरंगायचे. गोधडीला, आमच्या पोरीच्या केसांना, भाताला एकच वास. बायको नाक शिंकरायची तर काळं निघायचं, अन् मी तोंड फिरवायचो. मला किळस यायची तिची! ती धुरानं मेली असं मी म्हणत नाही. डॉक्टर तसं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

आमच्या चाळीत मात्र माझा भाव वाढला. दर रविवारी ओट्यावर बसून मी डबा भरून दाखवायचो. शेजारी म्हणायचा, "भाऊ, तुमी तं सरकारात पाह्यजे होते गा! देशाचा खर्च वाचवला असता." मी फुगायचो. भरणारा मी होतो. फुंकणारी आत होती.

भर श्रावणात तिच्या बहिणीचं बाळंतपण निघालं. पोरीला घेऊन ती आठ दिवस कळमेश्वरला गेली. जाताना डबा भरून, चिंधी लावून ठेवला, तांदूळ निवडून ठेवले. संध्याकाळी मी चिंधी पेटवली. दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी, छातीत ठसका, वर उलटी. पेटलेली चिंधी ओढून नालीत फेकली अन् सरळ हॉटेलात गेलो. आलुबोंडा खाल्ला, वर तर्री-पोहे. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा तिथंच. आठही दिवस तिथंच. ज्या खर्चाच्या भीतीनं मी घरातलं दूध तोडलं, तो खर्च या एका पोटानं आठवड्यात केला. त्यात स्टोव्ह आला असता.

ती परतली ती दुपारी. पिशवी खाली ठेवली, डब्यात वाकून पाहिलं. भुसा जसाच्या तसा.

"जेवले काय इतके दिवस?"

"भात केला."

"भुसा तं तसाच हाये. भात काय उन्हावर शिजवला? ऊन तं नव्हतंच."

मी ओरडलो. बायको आल्या-आल्या नवऱ्याची झडती घेते, घरात पाय ठेवू देत नाही, असलं काहीबाही. चाळीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं. तिनं नवी चिंधी लावली, सिगडी पेटवली अन् माझ्यासाठीच पिठलं-भात टाकला. धूर झाला तशी पोरगी पळत बाहेर आली. मी आधीच बाहेर होतो.

त्या वेळी उठून आत जायचं होतं, एवढंच म्हणायचं होतं की उद्या स्टोव्ह आणतो. तोंडात तंबाखू होता. थुंकायला उठलो अन् परत बसलो.

जेवणं झाली. डबा थंड झाल्यावर तिनं राख झटकली, डबा, बाटली अन् भुशाचं पोतं ओट्यावर माझ्यासमोर आणून ठेवलं.

"तुमाले चांगला भरता येते म्हणतात लोक," ती म्हणाली. "भरा."

भुसा सैल राहिला की भसकन जळतो अन् वाया जातो. मी मुठीनं दाबून-दाबून भरला.