निळा चौकोन

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा बाबा सत्तरीला टेकले होते. तोवरचं त्यांचं सगळं आयुष्य पालीच्या किनाऱ्यावर गेलेलं, स्वतःच्या होडीवर तांडेल म्हणून, सुकाणू आणि खलाशी सांभाळत. झटक्यानंतर पाय सावरले, बोलणंही परत आलं, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. चमचा धरता यायचा, दोरखंड नाही. भावाने आणि मी मिळून होडी विकायचं ठरवलं. बाबांना समजावलं, असं आम्ही म्हणायचो. त्यांनी कागदांवर सही केली आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी पेणकरपाड्यात राहते, घरूनच एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर स्कूटर काढून पालीला जायचं हे ठरलेलं. बाबांचा दिवस जात नाही अशी आईची तक्रार असायची, म्हणून मी त्यांच्या जुन्या वह्या घरी आणून स्कॅन केल्या. वारा कुठला होता, जाळं कुठे टाकलं, चर्चचा मनोरा आणि डोंगरावरचं झाड एका रेषेत आलं की खाली खडक आहे, असं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं. भावाचा जुना कॉम्प्युटर पालीच्या घरी बसवला आणि त्यात वह्या, घरचे फोटो, चर्चमधल्या गाण्यांची रेकॉर्डिंग असं बरंच काही भरून दिलं.

बाबांना त्यातलं काहीही उघडता येईना. फाइल उघडायला दोनदा भरभर दाबावं लागतं. त्यांचं बोट एकदा दाबायचं, मग थबकायचं, आणि दुसऱ्यांदा दाबेपर्यंत माउस भलतीकडे सरकलेला असायचा. एकदाच दाबून उघडेल अशी सोय मी करून पाहिली, तर हाताच्या थरथरीने एकदम चार-चार फोटो उघडायला लागले. डाव्या हाताने करून बघा म्हटलं, तर तो हात कधी असल्या कामाला लावलाच नव्हता. शेवटी ते आईला हाक मारायचे. आई मासळी साफ करत असली की हात धुवून यायची, उघडून द्यायची आणि परत जायची. काही दिवसांनी त्यांनी हाक मारणं बंद केलं.

एका रविवारी मी शेजारी बसून त्यांचा हात नुसता बघत राहिले. लक्षात आलं की चटकन दाबणं त्यांना जमत नसलं, तरी दाबून धरणं आणि ओढणं चांगलं जमतं. एकदा धरलं की हात स्थिर व्हायचा. घरी येऊन मी दोन-तीन संध्याकाळींत एक छोटासा प्रोग्राम लिहिला. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक निळा चौकोन. कुठलीही फाइल ओढून त्यात सोडायची. फोटो असो, वही असो की गाणं, कशाने उघडायचं ते चौकोनच ठरवेल.

पहिला प्रयोग फसला. चौकोन मी माझ्या डोळ्यांच्या मापाने केला होता, आयकॉनपेक्षा जरासा मोठा. बाबांनी वहीचं पान ओढलं, ते चौकोनाच्या अलीकडेच सुटलं आणि शेजारच्या फोल्डरमध्ये गेलं. त्यांना वाटलं, पान पुसलं गेलं. पुढच्या रविवारी गेले तर कॉम्प्युटरवर टॉवेल घातलेला. आई हळूच म्हणाली, आठवडाभर शिवलेले नाहीत. मी पान शोधून दाखवलं, चौकोन तळहाताएवढा केला आणि आजूबाजूचे सगळे फोल्डर हलवले. तरी त्यांनी लगेच हात लावला नाही. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा बाहेरच्या खोलीतून चर्चमधलं गाणं ऐकू आलं. आईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघीही बाहेर गेलो नाही.

प्रोग्राम कुठे अडतो ते कळावं म्हणून मी त्यात एक नोंद ठेवली होती. कुठली फाइल किती वाजता उघडली, याची साधी यादी. अशी यादी आम्ही प्रोग्राम लिहिणारे सगळेच ठेवतो, त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. महिन्याभराने एका रविवारी तिथे बसून ती वाचली. रोज सकाळी सातच्या सुमारास पहिली ओळ एकच होती: होडीचा फोटो. एकही दिवस चुकलेला नव्हता.

मी यादीची फाइल मिटली, पण ती डोक्यातून जाईना. आम्ही काय करून बसलो असं वाटायला लागलं. भावाला फोन केला. ती होडी परत मिळेल का, निदान तिच्यावरून एक फेरी मारून आणता येईल का, इथपर्यंत आमचं बोलणं गेलं.

पुढच्या रविवारी ओट्यावर बाबांच्या शेजारी बसून मी विचारलं, "होडीची फार आठवण येते का?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आज हे मधेच कुठून काढलंस?"

मग मला सांगावंच लागलं. यादीचं, सातच्या ओळींचं, सगळं. ते म्हणाले, तो फोटो चौकोनाच्या सगळ्यात जवळ आहे. सकाळी उठल्यावर हात आज कसा आहे ते बघायला तो ओढतात. तो सरळ गेला तर पुढे वह्या काढतात, नाही गेला तर थोडा चहा घेऊन परत बसतात.

"होडी गेल्याचं दुःख हाय," ते म्हणाले. "पन त्याला फोटो कशाला लागतो?"

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी काय काय बघतो, ते तुला तिथे बसून कळतं?"

तिथे बसून नाही, इथे आल्यावर कळतं, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच ते किती लंगडं आहे हे जाणवलं. ज्या माणसाला फाइल उघडायला कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून मी हे सगळं केलं, त्याच्याच पाठीमागे मी महिनाभर उभी होते.

त्याच दुपारी त्यांच्यासमोर बसून मी यादी काढून टाकली. काय करतेय ते सांगत केलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटी एकच शंका काढली: आता बिघडलं तर तुला कळणार कसं? मी म्हटलं, तुम्ही फोन करा.

ते खरंच करतात. गावात आता आणखी दोन घरांत हा चौकोन आहे. एकात बाबांचा जुना खलाशी आहे, त्याचे गुडघे आणि बोटं दोन्ही गेलीत. दुसऱ्यात आईची मैत्रीण, तिला नीट दिसत नाही. त्यांचं काही अडलं की ते मला फोन करत नाहीत, बाबांकडे येतात. बाबा काठी घेऊन त्यांच्या घरी जातात, बघतात, आणि नाहीच जमलं तर मला कळवतात. गेल्या आठवड्यात सांगत होते, खलाशाला निळा रंग न्हाय चालत, समुद्र रोज बघून कंटाळला, त्याला लाल करून दे.