बटण दाबताच उमटणारी खूण

माझी सगळी नोकरी खामगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. दुपारी जिनिंगमधली रुई उडत उडत खिडकीतून आत यायची आणि बोर्डाच्या तारांवर बसून राहायची. कानावर हेडफोन असायचे आणि दूरच्या गावांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे एकमेकांत मिसळायचे. ट्रंक कॉल बुक करून बाकावर ताटकळलेल्या माणसाला आम्ही सांगायचो, "लागतोय, लागतोय." लाइन मेलेली असली तरी तेच सांगायचो. माणूस शांत बसायचा. याला आम्ही खोटं बोलणं समजत नव्हतो, गिऱ्हाईक सांभाळणं समजत होतो.

निवृत्त होऊन मी बीबी नावाच्या गावाजवळ माझ्या गावी आलो. शेत थोडं, वेळ भरपूर. कपाशीचं बीटी बियाणं येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला सगळे म्हणाले, अळीचं नाव मिटलं. मग गुलाबी बोंडअळी परत आली. ती बोंडाच्या आत बसते, वरून झाड हिरवंगार दिसतं आणि बोंड फुटल्यावर कळतं की आत काही उरलं नाही. म्हणून आमच्या शेतकरी गटाने कामगंध सापळे लावले. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग त्या वासाला भुलून आत पडतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठाच्या वर पतंग पडले की गावाने फवारणीला लागायचं, असं ठरलं होतं. सकाळी पतंग मोजायचं काम गटातल्या एका बाईकडे होतं. नीट, कमी बोलणारी बाई. सापळे तिच्याच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होते.

तिचा आकडा सगळ्यांना लगेच कळावा म्हणून मी डोक्यात एक खूळ घेतलं. ज्याचा मूळ कोड कुणालाही फुकट उघडून पाहता येतो, बदलता येतो, असं एक निरोपांचं सॉफ्टवेअर होतं. ते आपल्याच घरच्या कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि गावाने मोबाइलच्या ब्राउझरमधून वापरायचं. रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा माझा जुना मुसलमान मित्र हसला.

"अबे, साऱ्यायच्या मोबाइलात मेसेजचं अ‍ॅप हाय. तुले दुसरं काऊन पायजे?"

"त्यात फुलं येतात, देव येतात, सकाळचे नमस्कार येतात. पतंगाचा आकडा त्याखाली दबून जातो."

"असं सांग ना सिधं, का तुले घरात एक्स्चेंज पायजे!"

त्याचं खरं होतं.

कोड मी मेहकरहून पेन ड्राइव्हवर आणला. मग तीन आठवड्यांच्या दुपारी कशा गेल्या ते आजही स्वप्नासारखं आठवतं. दार लोटलेलं, कौलांतून उन्हाची एक काठी जमिनीवर पडलेली, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर सरकत असलेल्या, नांगराच्या न संपणाऱ्या तासांसारख्या, ज्यांत कुणीतरी बी टोबत चाललं आहे. सॉफ्टवेअर एक पॅकेज, म्हणजे जोडीचा आणखी कोड मागायचं. ते आणलं की ते पॅकेज आणखी दुसरं मागायचं. शेवटी लाल अक्षरं यायची आणि सगळं पडायचं. मी चूक शोधायचो, पुन्हा बिल्ड लावायचो, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर घडवायला लावायचो, आणि खुर्चीत डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकायचो. डुलकीत वाटायचं, या ओळींमधून माणसं बोलत आहेत. एका दुपारी डोळे उघडले तर लाल अक्षर एकही नव्हतं. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. निळसर पान आलं: आपलं नाव लिहा. मी कितीतरी वेळ नाव न लिहिता नुसता बघत बसलो.

गाव त्यावर आलं. निरोप लिहून बटण दाबलं की शेजारी छोटं घड्याळ फिरायचं. निरोप माझ्या घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचला की घड्याळ जाऊन बरोबरची खूण यायची. पण वीज जायची, इन्व्हर्टर दमायचा, नेट तुटायचं. मग मोबाइलमध्ये साठलेलं पान उघडायचं, पण सगळ्यांचं घड्याळ फिरतच राहायचं. लोक वावरातून फोन करायचे. "काका, घड्याळच फिरून राह्यलं! मेलं का तुमचं मशीन?" गटाचे अध्यक्ष पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "सरकारी टेलिफोनवाल्याचं काम, असंच चालन!"

ते मला लागलं. दुसऱ्या दुपारी मी कोड उघडला. पोचल्याची खबर आल्यावर खूण दाखवणारी ओळ शोधली आणि ती वर उचलून बटण दाबण्याच्या जागी नेली. आता निरोप पोचो न पोचो, खूण लगेच उमटणार होती. वीज आली की अडकलेले निरोप आपोआप जातील, असा माझा हिशेब. ब्राउझरचं पान मधेच बंद केलं तर अडकलेला निरोप पुसला जातो, हे मला ठाऊक होतं. पण लागतोय, लागतोय. पुन्हा बिल्ड केलं, चालू केलं. तक्रारी थांबल्या. अध्यक्ष म्हणाले, "आता झालं मशीन शहाणं."

त्या हंगामात कपाशी पात्या-फुलांनी भरली होती. एका सकाळी वीज नव्हती, इन्व्हर्टर बंद पडला होता. मी अंगणात चहा पीत बसलो होतो. धुकं उतरलेलं आणि सगळं शिवार दुधात बुडल्यासारखं. इतकं शांत वाटत होतं की मशीन बंद आहे याचंही काही वाटलं नाही. त्याच सकाळी त्या बाईने आठाच्या वरचा, सलग तिसऱ्या दिवसाचा आकडा पाठवला. खूण आली. तिने पान बंद केलं, मोबाइल कमरेच्या पिशवीत ठेवला आणि कामाला लागली. स्वतःच्या वावरातल्या डोमकळ्या तोडल्या, म्हणजे अळीने आतून शिवलेली फुलं, आणि फवारणी केली. तिसरा आकडा गेला म्हणून तिने मोजणी थांबवली; गाव मात्र थांबून राहिलं, कारण गावाला आकडा मिळालाच नाही.

बोंडं फुटली तेव्हा गावभर कवडी कापूस निघाला, पिवळा, चिकट, सरकीला घट्ट धरलेला. तिचं एक वावर पांढरंशुभ्र.

समाजमंदिरात बैठक झाली. एकजण ओरडला, "आपलं वावर वाचोलं अन् आमाले सांगतलं नाही!"

ती म्हणाली, "म्या धाडला होता. खूण आली होती. वहीत बी लिवलेलं हाय."

"वहीचं काय, काल लिवली असन!"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "काका, मशीन काय सांगते?"

मी कॉम्प्युटरवरून नोंदी कागदावर उतरवून आणल्या होत्या. कागदावर बोट ठेवून म्हणालो, "त्या तारखेला हिचा निरोप नाही." हे खरं होतं, आणि मी आयुष्यात याहून मोठं खोटं बोललो नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी आणखी काही बोलेन म्हणून वाट बघत होती.

ती बौद्ध वस्तीतली. संशय तिच्यापर्यंत इतक्या लवकर कसा पोचला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. संध्याकाळी मित्राने एकट्याला गाठून विचारलं, "त्या दिवशी तुही लाइन बंद होती ना बे?" मी म्हणालो, "नाही."

तिचं मोजणीचं काम गेलं. नंतर तिच्या लेकीच्या लग्नाला गटातलं कुणी गेलं नाही. पाणवठ्यावर बाया तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. हे सगळं मला घरबसल्या कळायचं. मशीन मी पुढच्या वर्षी बंद केलं.

आता माझे पाय धरतात, डोळे अंधुक झाले आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्या दारी गेलो. ती तूर पाखडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: ओळ कुठली होती, कुठे नेली, का नेली.

सूप थांबलं. "मंग तवा काऊन नाही बोलले?"

"माझं मशीन खोटं ठरलं असतं."

"अन् मी ठरली त चाललं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. "मले कायले सांगता, काका? म्या धाडला होता हे मले त पयल्या दिवसापासून माहीत हाय. ज्याइले माहीत नाही त्याइले सांगा." आणि पुन्हा पाखडायला लागली.

म्हणून मी ग्रामसभेत उठलो. सांगून झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "आता कायचं काढता, काका? लय वर्सं झाली." तेव्हाचे अध्यक्ष मोबाइल काढून बघायला लागले. एक म्हातारी मात्र उठली. "म्या तिले पान्यावर लय बोलली होती," एवढंच म्हणून ती बाहेर निघून गेली.

मी ग्रामसेवकाला म्हणालो, हे इतिवृत्तात लिहा. तो म्हणाला, "विषयपत्रिकेत नाही." मी बसलो नाही. शेवटी त्याने 'ऐन वेळचे विषय' खाली जागा काढली आणि पेन उघडून माझ्याकडे पाहिलं. मी तिचं पूर्ण नाव सांगितलं. इथे ते लिहीत नाही, पण तिथे आहे. मग हळूहळू, त्याला लिहिता येईल अशा बेताने सांगितलं की त्या सकाळी तिने आकडा पाठवला होता, तो माझ्यामुळे पोचला नाही, आणि भर बैठकीत मला हे माहीत होतं.

"आणखी काही?" त्याने विचारलं.

मी पेन मागितलं आणि खाली सही केली.