शेपटीतल्या मावशा

पेशीमास्तर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवले होते आणि त्यात आदराचा लवलेशही नव्हता, हे खुद्द मास्तरांना पक्के ठाऊक होते. जीवशास्त्र शिकवता शिकवता ज्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पेशीची आकृती ज्यांनी फळ्यावर इतक्या वेळा काढली की हातात खडू नसतानाही बोट हवेत वाटोळे फिरू लागे, अशा माणसाला निदान एक धड नाव मिळायला हरकत नव्हती. पण जगाला मास्तरांचे काही वाटत असते, तर प्रयोगशाळेचा नळ इतकी वर्षे गळत राहिला नसता. गणिताच्या वर्गाला नवे पंखे मिळाले, खेळाच्या सरांना चकचकीत शिट्ट्या मिळाल्या आणि जीवशास्त्राच्या वाट्याला आला तो एक सांगाडा. त्याचाही डावा हात नाटकमंडळींनी उसना नेला, तो परत आलाच नाही.

आणि आता तर खोलीच जायची वेळ आली होती.

"मास्तर, तुमच्या प्रयोगशाळेत येतं कोण?" प्राचार्यांनी एके दिवशी विचारले. प्राचार्य वाणिज्य शाखेचे होते आणि शरीरात हिशेबनीस नावाचा अवयव नसतो याचे त्यांना अजूनही नवल वाटत असे. "मला तिथे व्यायामशाळा काढायची आहे. धावायचं यंत्र मागवूनसुद्धा झालंय."

"सर, तिथे विज्ञान घडतं."

"मला तरी घडताना कधी दिसलं नाही. हे पाहा, मी अन्याय करणारा माणूस नाही. पेशीत काय चालतं ते एकदा मला दाखवा. समजलं, तर खोली तुमची. नाही समजलं, तर सांगाडा जिन्याखाली."

विषय अवघड नव्हता. अट अवघड होती.

घरी आल्यावर त्यांनी न जेवता येरझारा घातल्या. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, सर्वांत सोपं काय आहे तुमच्या त्या पेशीत?"

"सोपं काहीच नाही. पण सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रथिन तयार होणं. मूळ आज्ञा केंद्रकात, तिची नक्कल बाहेर, नक्कल वाचणारं यंत्र वेगळं, आणि वाचेल तसतशी एकेक कडी जोडून साखळी. साखळी आपोआप दुमडते आणि कामाला लागते."

"मग माणसंच उभी करा की साखळीत. घरात काय कमी माणसं आहेत?"

हे मात्र खरे होते. मास्तरांच्या हाताशी निधी नव्हता, मदतनीस नव्हते, पण नातेवाईक रग्गड होते, आणि ते कोणत्याही कार्यक्रमाला बिस्किटे असल्यास विनाअट येत. प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या म्हणजे अमिनो आम्ले, आणि त्यांचे वीस प्रकार असतात. नातेवाईकांचे प्रकार त्याहून कमी भरतील असे मास्तरांना आपल्या घराकडे पाहून मुळीच वाटेना.

तयारी सुरू झाली. मास्तरांनी एका जाडजूड वहीत चार रंगांचे ठिपके ओळीने रंगवले. हीच मूळ आज्ञा. केंद्रक म्हणून ती त्यांनी ग्रंथालयात ठेवायला दिली, तर ग्रंथपालबाईंनी तत्काळ तिच्यावर शिक्का मारला.

"आता ही बाहेर जायची नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, वही माझी आहे!"

"असेल. इथे बसा आणि काय हवं ते उतरवून घ्या."

आयुष्यात प्रथमच मास्तरांना या बाईंचा राग आला नाही. पेशीतही नेमके हेच चालते. मूळ प्रत जागची हलत नाही. जे काही बाहेर जाते ती नक्कल. मास्तरांनी निमूटपणे बसून ठिपके उतरवून घेतले आणि त्या क्रमाने रंगीत टोप्या शिवायला टाकल्या: लाल, पिवळी, हिरवी, निळी.

टोप्या घालून प्रयोगशाळेच्या भिंतीलगतच्या लांब बाकांवर ओळीने बसायचे ते शिक्षकांनी. तीच ती नक्कल, केंद्रकाबाहेर आलेला संदेश. टोप्या तीन-तीनच्या गटाने वाचायच्या. मध्ये मोकळी जागा नाही, विराम नाही. पिवळी-लाल-हिरवी म्हणजे सुरुवात. लाल-पिवळी-पिवळी म्हणजे थांबा. मधले प्रत्येक त्रिकूट म्हणजे एक नातेवाईक. त्याहीपुढे मास्तरांनी संदेशाला शेपूट जोडले होते: नुसत्या पिवळ्या टोप्या ठेवलेल्या खुर्च्यांची रांग, दारातून थेट बाहेर व्हरांड्यापर्यंत.

"ही शेपटी कशाला? ती वाचायची नाही म्हणता ना?" बायकोने विचारले होते.

"संदेशाला ती असते. म्हणून आहे."

"आणि समजा, वाचली गेली तर?"

"कशी जाईल? आधी थांब्याची खूण आहे ना! पिवळी-पिवळी-पिवळी म्हणजे तुझ्या मावशा. त्यांची गरजच पडणार नाही. त्यांना खाली अंगणात बसव."

टोप्या वाचणारे यंत्र, म्हणजे रायबोसोम, म्हणून चहाची ट्रॉली ठरली. तिच्या पुढच्या बाजूला पुठ्ठा लावून मास्तरांनी तीन खिडक्या कापल्या. ट्रॉली ढकलायचे काम मेव्हण्याकडे आले, कारण तो बस चालवत असे.

"भावजी, एक सांगून ठेवतो," मेव्हणा म्हणाला. "थांब्याची खूण दिसल्याशिवाय मी ब्रेक लावत नसतो. प्रवाशांनी कितीही बोंब मारू दे."

"उत्तम. रायबोसोम असाच हवा."

खिडकीतल्या तीन टोप्या पाहून योग्य तो नातेवाईक अंगणातून धरून आणायचा, हे काम बायकोचे. पेशीत यासाठी प्रत्येक मालाचा हमाल वेगळा असतो. इथे सगळे ओझे तिच्या एकटीवर होते, म्हणजे घरी असते तसेच.

आत्याने मात्र पहिल्याच तालमीला ठणकावले, "बाळ्या, मी पहिली उभी राहणार. कुणाच्या मागे उभं राहायची मला सवय नाही."

"आत्या, पहिली तूच. कोणतीही साखळी असो, सुरुवात त्या एकाच कडीनं होते. शास्त्रच आहे तसं."

"बघा," आत्या सगळ्यांकडे वळून म्हणाली, "शास्त्रात आहे मी."

शास्त्रात त्या पहिल्या कडीविषयी आणखीही एक गोष्ट आहे. ती मास्तरांनी आत्याला सांगितली नाही. त्यांनाही जीव प्यारा होता.

खरी करामत दुमडण्यात होती. कोपरात कोपर अडकवून सहा जणांची साखळी झाली की कोपर न सोडता ज्याला ज्याच्याजवळ बरे वाटेल त्याने तिकडे सरकायचे, जो नको असेल त्याच्यापासून लांब व्हायचे. प्रथिनातल्या कड्याही अशाच वागतात. आता मास्तरांचे थोरले काका आणि धाकटे काका यांच्यात एका शिडीवरून वैर होते. शिडी कुणाची यावर दोघांचे दावे होते आणि शिडी पावसात भिजून केव्हाच कुजली होती. मास्तरांनी एका काकांना तिसरे ठेवले, दुसऱ्यांना सहावे. साखळी वाटोळी झाली की दोन्ही काका बरोबर समोरासमोर येत. मग मध्ये बिस्किटांचा पुडा धरायचा. थोरले काका हात घालत, धाकटे काका हात घालत, दोघेही हटत नसत, आणि टर्र करून पुडा फाटे! विकर म्हणतात ते हेच: साखळीत लांब असलेल्या दोन कड्या दुमडल्यावर एकमेकींपुढे येतात आणि मधल्या पदार्थाचे तुकडे पडतात. तालमीत हे इतके चोख जमले की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी तरळले. शिडीचे भांडण प्रथमच कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी विद्यार्थी जमिनीवर बसले, शिक्षक टोप्या घालून बाकांवर बसले, आणि पुढे प्राचार्यांसाठी ठेवलेली हातांची खुर्ची रिकामीच राहिली. मास्तरांचा धीर सुटला. "मी साहेबांना घेऊन येतो," म्हणून ते पुढच्या जिन्याने खाली गेले. त्याच वेळी साहेब मागच्या जिन्याने वर आले.

मागच्या दाराजवळ गणिताचे सर बसले होते. साहेब दिसताच ते स्प्रिंग लावल्यासारखे उठले.

"या सर, या! पुढे कुठे जाता उकाड्यात, इथे पंख्याखाली बसा. अहो, सरका की जरा!"

"नको, नको, तुम्हाला अडचण."

"अडचण कसली, सर! सरका हो, सरका!"

बाकावर आणखी एका माणसाची जागा नेहमीच निघते, या विश्वासावर सगळी ओळ इंच इंच सरकली. साहेब बसले. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या पाहून त्यांनाही अवघडल्यासारखे झाले, तेव्हा गणिताच्या सरांनी जादा पडलेली एक निळी टोपी त्यांच्या टकलावर अदबीने बसवली. आपण संदेशाच्या ऐन सुरुवातीलाच एक अक्षर घुसडले आहे, हे गणित शिकवणाऱ्या माणसाच्या लक्षात येऊ नये, याला काय म्हणावे! आणि ज्यांच्या लक्षात आले ते गप्प बसले, कारण प्राचार्यांना ऊठ म्हणणार कोण?

मास्तर धापा टाकत परतले. खुर्ची अजून रिकामी. अंगणात नातेवाईक बिस्किटांची चौकशी करत होते. नाइलाजाने मास्तरांनी हात वर केला, "करा सुरू!"

ट्रॉली निघाली. पिवळी-लाल-हिरवी. आत्या दिमाखात आली. पुढच्या त्रिकुटापाशी बायको थबकली.

"अहो, वहिनी येताहेत यात. मेहुणी यायची होती ना?"

"टोप्या सांगतील ते आण! टोप्यांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

बायकोने त्यांच्याकडे असे पाहिले की एरवी त्यांचे बोलणे तिथेच संपले असते. पण ती गेली आणि वहिनींना घेऊन आली. मग साडू आले, ज्यांची पाळी मागाहून होती. मग थोरले काका. आणि त्यांच्या कोपरात कोपर घालायला, शिडीचे दुसरे दावेदार, धाकटे काका.

"याच्याशेजारी मी उभा राहणार नाही," थोरले काका म्हणाले.

"मला तरी कुठे हौस आहे!" धाकटे काका म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली आणि बिस्किटांचा पुडा मध्ये तसाच लोंबकळत राहिला.

मास्तर कपाळाला हात लावून उभे होते, तोवर आणखी दोघे साखळीत अडकले, ट्रॉली थांब्याच्या खुणेपाशी आली आणि थांबलीच नाही. खुणेतली लाल टोपी आणि एक पिवळी मागच्या त्रिकुटात ओढली गेली होती. उरलेली एकटी पिवळी शेपटीतल्या पिवळ्यांत मिसळून गेली होती. खिडकीत आता पिवळी-पिवळी-पिवळी.

"मावशी!" बायको अंगणाकडे तोंड करून ओरडली. "अगं मावशी, ये!"

एक मावशी आली. पुन्हा पिवळी-पिवळी-पिवळी. दुसरी आली. तिसरी येताना चौथीला हाताला धरूनच घेऊन आली. ट्रॉली दाराबाहेर पडली, व्हरांड्यात गेली, आणि तिच्या मागोमाग मावशांची साखळी.

"थांब! अरे थांब!" मास्तर ओरडले.

"खूण कुठेय, भावजी?" मेव्हणा बाहेरून म्हणाला.

व्हरांड्यात धावायचे यंत्र घेऊन आलेले दोन हमाल अडकून पडले. "ताई, वाट द्या," एक हमाल म्हणाला. "मला सोडता यायचं नाही, मी प्रथिन आहे," मावशी म्हणाली. "तुमचं ते खाली ठेवा, जरा टेकते त्याच्यावर."

खोलीत हशा उसळला. मास्तरांना वाटले, संपले सगळे. तेवढ्यात बाकावरची एक निळी टोपी म्हणाली, "मास्तर, या मावशा थांबणार कधी?"

"संदेशानं बोलायचं नसतं!" मास्तर कडाडले. "गप्प बसा! आणि तुम्ही आहात कोण? माझ्या ओळीत तिथे निळी टोपी नव्हतीच!"

टोपी उतरली. खालून प्राचार्य निघाले.

खोलीत असे चिडीचूप झाले की नळाचा थेंब ऐकू आला. पण वर्षानुवर्षे साचलेले तोंडाशी आले होते, ते काही परत जाईना.

"सर, हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्ही बसलात आणि पुढचं प्रत्येक त्रिकूट एका घरानं सरकलं. काका चुकले, थांबा चुकला, मावशा व्हरांड्यात गेल्या."

"मी एकटा बसलो म्हणून?" साहेबांनी बाकाकडे पाहिले. बोटाने तीन-तीन टोप्या मोजत गेले. मग ओठ हलवत पुन्हा मोजल्या. "म्हणजे खर्चाच्या रकान्यात सुरुवातीलाच एक आकडा जादा घुसला आणि खालची सगळी पानं चुकली, तसं?"

"तसंच, सर."

"मी उठलो तर?"

"उठून पाहा."

साहेब उठले. ओळ पुन्हा इंच इंच सरकून होती तशी झाली. मावशांना परत अंगणात धाडले, ट्रॉली मागे आणली. पिवळी-लाल-हिरवी: आत्या. मेहुणी. थोरले काका. साडू. वहिनी. धाकटे काका. लाल-पिवळी-पिवळी, आणि मेव्हण्याने खाड्कन ब्रेक लावला. साखळी दुमडली, काका समोरासमोर आले, दोघांनी पुड्याला हात घातला.

"सोड!"

"तू सोड! शिडीसारखं हेही घेणार का?"

टर्र! बिस्किटे चौफेर उडाली. साहेबांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

"खोली तुमची, मास्तर! ते यंत्र जिन्याखाली ठेवा. आता मला शेवटून तिसऱ्या जागी बसू द्या, बघू या कोण कोण येतं ते!"

बिस्किटे वाटली जात असताना साहेब, कुणी न सांगता, टेबलावरचे जाड पाठ्यपुस्तक उघडून वाचत बसले. असा विद्यार्थी मास्तरांना उभ्या हयातीत मिळाला नव्हता.

"मास्तर!" साहेब एकदम मोठ्याने म्हणाले. "यात तर लिहिलंय की साखळीतली पहिली कडी पुढे पुष्कळदा कापून टाकून देतात! खरं का हो?"

आत्याचे बिस्कीट तोंडाशी जाता जाता थांबले.

"बाळ्या?"

मास्तरांनी कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे पाहिले. त्याचा निदान एकच हात गेला होता. पण एक गोष्ट कुणालाही नाकारता आली नसती: साहेबांना विषय समजला होता.