दुधाचे कॅन आणि धाकट्याची बॅटरीची सायकल

आबांनी माझ्या धाकट्या भावाला बॅटरीची सायकल घेऊन दिली, त्या दिवशी माझं जेवणावरून मन उडालं. गावातून शहाद्याला दूध घालायला बारा वर्षं मीच जात होतो, पायडल मारत. गुडघे बोलायला लागले तेव्हा आबांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "चाली ऱ्हायनं ना?" शेवटी फेरी धाकट्याकडे गेली आणि आठवडाभरात अंगणात नवी कोरी सायकल उभी! तिला हळदकुंकू लावलं ते माझ्याच बायकोने. मी गोठ्यात जाऊन बसलो.

पहिल्या फेरीआधी धाकटा माझ्याकडे आला. "दादा, काही ध्यानमा ठेवनं पडस का?"

पडतं की. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅन टांगलेला असतो. दूध घालताना एकदा या कॅनमधून, एकदा त्या कॅनमधून काढायचं. एकच कॅन आधी रिकामा केला की सायकल भरल्या बाजूला ओढते. साध्या सायकलवर ते पायांना लगेच कळतं. बॅटरीची मात्र आपसूक पळते आणि वळणावर दगा देते. एवढं सगळं माझ्या ओठांवर होतं. पण मी म्हणालो, "काही नही. गाडीच चालाडस समदं."

तीन दिवस तो शीळ घालत परतला. गिऱ्हाइकं मला मुद्दाम सांगायची, आता दूध कसं वेळेवर येतं. मी आतून जळत होतो, आणि लाज वाटते सांगायला, वाटही बघत होतो. चौथ्या दिवशी एका हॉटेलवाल्याने एक अख्खा कॅन उतरवून घेतला. दुसरा गच्च भरलेलाच. एसटी स्टँडच्या वळणावर सायकल आडवी झाली आणि धाकट्याचं मनगट मोडलं.

दवाखान्यात आबा त्याच्यावरच डाफरले, "तू दादाले इचारं नही का?"

मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. आता हा खरं सांगणार, आणि आबांसमोर माझी मान खाली जाणार.

धाकट्याने प्लास्टरचा हात पोटाशी धरला. "दादानी सांगेल व्हतं, आबा. मीच इसरी गऊ."

पण खरं सांगतो, त्या घडीलाही मला त्याचा हेवाच वाटला. सायकलीचा वाटला होता, त्याहून कितीतरी जास्त.